हजेरीपटाच्या समासातील शिक्षक

एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाचा जो इतिहास आज उपलब्ध आहे, तो बहुतांशी वरून खाली पाहून लिहिलेला आहे. १८५४ चा वुड यांचा खलिता, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्थापन झालेले विद्याखाते, १८८२ चा हंटर आयोग आणि विद्याखात्याच्या डायरेक्टरांचे वार्षिक अहवाल ही त्याची प्रमुख साधने होत. या अहवालांत शाळा आहेत, पट आहे, खर्च आहे. खेड्यातील शाळेत रोज उभा राहणारा शिक्षक मात्र त्यांत क्वचितच भेटतो आणि भेटला तरी एखाद्या विशेषणापुरता.

या शिक्षकाने सहसा आत्मचरित्र लिहिले नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्यासारख्या अधिकारपदापर्यंत पोहोचलेल्या मोजक्या व्यक्तींचा अपवाद सोडला, तर त्या काळच्या शिक्षकाने मागे ठेवलेले लेखन म्हणजे शाळेचे दप्तर होय. हजेरीपट, विद्यार्थ्यांची नावे दाखल व कमी केल्याचे रजिस्टर, फीचा हिशेब, परीक्षेचे पत्रक, वेळापत्रक, सामानाची यादी हे सारे त्याच्या हातचे आहे. शेरेबुक तेवढे तपासनीसाच्या हातचे. गंमत अशी, की शिक्षकाने लिहिलेल्या या कागदांपैकी एकही कागद शिक्षकाविषयी नाही. त्यातील प्रत्येक रकाना हा वरिष्ठाने विचारलेला प्रश्न आहे आणि त्यातील नोंद हे शिक्षकाने कधी प्रामाणिकपणे, कधी सोयीने, तर कधी भीतीने दिलेले उत्तर आहे. शिक्षकाचे आयुष्य जाणून घ्यावयाचे तर हा प्रश्न कोणी व कशासाठी विचारला होता, हे आधी समजून घ्यावे लागते. ज्या गोष्टीला रकानाच नव्हता, तिचा शोध समासात घ्यावा लागतो.

एक शहर, दोन दप्तरे

अशा अभ्यासाच्या दृष्टीने तापीकाठचे बऱ्हाणपूर आणि त्याच्या दक्षिणेचा खानदेश हा पट्टा विशेष उद्बोधक आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी पुढे मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे झाली. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर ती पेशव्यांकडे व १७७८ मध्ये शिंद्यांकडे आली. १८६० मध्ये शिंद्यांनी ती इंग्रजांना दिली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि १८६४ मध्ये निमाड जिल्हा त्यास जोडण्यात आला. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या शिक्षकाचा वरिष्ठ नागपुरास बसू लागला. दक्षिणेस रावेर, सावदा, फैजपूर ही गावे मात्र मुंबई इलाख्यात होती. त्यांचा जिल्हा खानदेश, मुख्य ठिकाण धुळे आणि विद्याखाते पुण्यास. पूर्व व पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले. १९५६ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेनंतर बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी ते स्वतंत्र जिल्हा झाले.

याचा परिणाम असा, की एकाच दिवसाच्या प्रवासात येणाऱ्या दोन गावांतील दोन मराठी शिक्षकांनी दोन निरनिराळ्या प्रांतांसाठी निरनिराळे नमुने भरले. एकाचा माग नागपूर व भोपाळ येथील अभिलेखांत लागेल, दुसऱ्याचा मुंबई व पुणे येथील अभिलेखांत. बऱ्हाणपुरास मराठीबरोबर हिंदी, निमाडी, उर्दू व गुजराती बोलणाऱ्यांची वस्ती असल्याने जुन्या कागदांत बाळबोध, मोडी आणि फारसी-उर्दू अशा तिन्ही लिप्या भेटण्याचा संभव अभ्यासकाने गृहीत धरला पाहिजे.

कालगणनेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. शक असल्यास ७८ मिळवावे, विक्रम संवत असल्यास ५७ वजा करावे, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. फसली सनाचे तसे नाही. दक्षिणी फसलीत सुमारे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, तर उत्तरेकडील फसलीत सुमारे ५९२ मिळवावे लागतात. बऱ्हाणपूर हे दक्षिण व उत्तर यांच्या उंबरठ्यावरचे शहर. कोणती फसली वापरली आहे हे ठरविल्यावाचून कागदावर इसवी सन लिहून टाकला, तर दोन वर्षांची चूक सहज होते आणि दुष्काळाच्या वर्षातील गैरहजेरी सुकाळाच्या माथी बसते.

रकाने येण्यापूर्वी

विद्याखाते येण्यापूर्वी शिक्षक नव्हते असे नाही, रजिस्टर नव्हते. पंतोजीची शाळा एखाद्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरविली जात. अक्षर बसले की पाटी सारखी करून पुढचे अक्षर काढले जाई आणि दिवस संपला की त्या दिवसाच्या शिकविण्याची खूणही उरत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे सामुदायिक स्वरात घोकले जात. त्यांचेही दप्तर नाही. पंतोजीची कमाई काही रोख, काही धान्य, सणासुदीला शिधा अशी फुटकळ असे. ती देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांच्याही स्मरणात असल्याने लिहून ठेवण्याचे कारण नव्हते.

या पंतोजीस सरकारी कागदावर प्रथम आणले ते मुंबई सरकारच्या चौकशीने. एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२४ मध्ये, प्रत्येक कलेक्टराकडून गावोगावच्या शाळांची माहिती मागविण्यात आली. १८२९ च्या सुमारास जी एकत्रित आकडेवारी तयार झाली, तीत मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा आणि ३५,१५३ विद्यार्थी दाखविलेले असून लोकसंख्या सुमारे ४६ लाख ८२ हजार धरलेली आहे. या शाळांपैकी सरकारी शाळा अवघ्या २५ होत्या. उरलेल्या सगळ्या पंतोजींच्या. या चौकशीचे कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी अभ्यासून प्रसिद्ध केले, म्हणून ते आज वाचावयास मिळतात. घरी शिकणाऱ्या मुलांची गणती या आकड्यांत पुरेशी झाली नसावी, अशी शंका त्यांनीच अभ्यासकांच्या मनात जागी केली.

बऱ्हाणपूर त्या वेळी शिंद्यांच्या राज्यात असल्याने मुंबईची ही चौकशी तेथे पोहोचलीच नाही. तेथील पंतोजी, मौलवी आणि त्यांचे विद्यार्थी या ३५,१५३ मध्ये नाहीत. सरकारी दप्तरात नोंद नाही एवढ्यावरून शाळा नव्हती असे अनुमान काढणारे लेखन आजही अधूनमधून वाचावयास मिळते. ते सावधपणे वाचावे.

हजेरीपट कसा वाचावा

१८५५ नंतर चित्र पालटले. मुंबई इलाख्यात डायरेक्टर, इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड उभी राहिली. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. १८६३ नंतर जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळविण्यात आला. त्यातून खेडोपाडी शाळा निघाल्या. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब द्यावयाचा म्हणजे कागद आलाच. मध्य प्रांतातही १८६२ मध्ये शिक्षणखाते स्थापन होऊन हाच क्रम सुरू झाला.

याच सुमारास इंग्लंडमध्येही असाच कागद शिक्षकाच्या टेबलावर येऊन पडला होता. तेथील १८६२ च्या सुधारित नियमावलीने सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीशी व परीक्षेच्या निकालाशी जोडले आणि प्रत्येक मुख्याध्यापकास रोजनिशीवजा नोंदवही ठेवणे भाग पाडले. त्या वहीत शिक्षकाने सर्वसाधारण स्वरूपाची मते किंवा विचार लिहू नयेत, असा स्पष्ट नियम होता. घडले ते लिहावे. काय वाटले ते लिहू नये. निकालावर अनुदान ठरविण्याची ही कल्पना १८६५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांपर्यंत आली. तिच्याबरोबर आलेली नोंदीची शिस्तही त्याच वळणाची होती. शिक्षकाचा आवाज दप्तरात ऐकू येत नाही, याचे कारण त्याची अरसिकता असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

हजेरीपट हे या सर्व दप्तरातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत बोलके पुस्तक होय. तो वाचताना प्रथम आडव्या ओळी सोडून उभे रकाने पाहावेत. एका मुलाचा महिना पाहिल्यास मुलगा दिसतो. एका दिवसाचा सबंध वर्ग पाहिल्यास गाव दिसतो. आठवड्यातील एका ठराविक वारी निम्मा वर्ग रिकामा दिसला, तर तो बाजाराचा दिवस आहे काय हे तपासावे. कापूस वेचणीच्या व ज्वारीच्या कापणीच्या दिवसांत कोणत्या घरची मुले गळतात आणि कोणत्या घरची टिकतात, हे नावांवरून व जातीच्या रकान्यावरून ताडून पाहावे. बऱ्हाणपूर हे जरीच्या तारेसाठी व विणकामासाठी प्रसिद्ध शहर असल्याने तेथे शेताच्या हंगामापेक्षा लग्नसराईची मागणी मुलांना कारखान्याकडे ओढत होती काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. सलग काही महिने पट घसरत गेला आणि नावे कमी करण्याच्या कारणांत गाव सोडल्याचा किंवा मृत्यूचा उल्लेख वाढला, तर वर्ष १८९६–९७ किंवा १८९९–१९०० आहे काय ते पाहावे. मध्य प्रांताने हे दोन्ही दुष्काळ सोसले आणि १८९९–१९०० चा, म्हणजे संवत १९५६ चा 'छप्पन्नाचा' दुष्काळ खानदेशाच्याही स्मरणात दीर्घकाळ राहिला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. त्यानंतरच्या वर्षांत शाळा बंद ठेवल्याच्या नोंदी अनेक ठिकाणी अपेक्षित आहेत.

आता उलट बाजू पाहावी. दुष्काळाच्या वर्षी सुद्धा एखाद्या वर्गाची हजेरी महिनोन्महिने एकसारखी भरलेली दिसली, तर त्या वर्गाचे कौतुक करण्यापूर्वी शाईकडे लक्ष द्यावे. रोज लिहिलेल्या पटात शाईचा रंग, टाकाची जाडी व हाताचा भार दिवसागणिक थोडा बदलतो. एका बैठकीत भरलेला महिना एकाच रंगाचा आणि एकाच लयीचा असतो. बोरूने लिहिणारा शिक्षक टोक झिजल्यावर तो तासून घेतो, तेव्हा अक्षर एकदम बारीक होते, तेही पाहावे. असा एकटाकी महिना आढळला म्हणजे शिक्षक लबाड होता, असा निकाल देण्याची घाई करू नये. ज्याचे वेतन अथवा शाळेचे अनुदान सरासरी हजेरीवर अवलंबून आहे आणि ज्याच्या गावातील मुले पोटासाठी परगावी गेली आहेत, अशा माणसाने खऱ्या आकड्याची किंमत स्वतःच्या घरच्या धान्यात मोजावी, अशी अपेक्षा त्या पद्धतीने केली होती. खोटी हजेरी हाही त्याच्या आयुष्याचा पुरावा आहे.

शिक्षक स्वतः त्या पटात कोठे आहे? तो अक्षराच्या वळणात आहे. वर्षाच्या मध्येच अक्षर बदलले म्हणजे बदली झाली, रजा पडली किंवा माणूस दगावला. दोन-चार दिवस पट कोरा राहून मग एखाद्या मोठ्या मुलाच्या कच्च्या अक्षरात भरलेला दिसला, तर एकशिक्षकी शाळेत शिक्षक आजारी पडल्यावर काय होत असे, ते न सांगता कळते. एका शाळेत कोणते अक्षर किती वर्षे टिकले, याची नुसती यादी केली तरी त्या पंचक्रोशीतील शिक्षकाच्या संसाराची स्थिरता किती होती, हे उमगू लागते.

शेरेबुक आणि पगार

शेरेबुकात लेखणी तपासनीसाच्या हाती असते. मुलांचे वाचन, शुद्धलेखन, हिशेब, नकाशा, इमारतीची अवस्था, सामानाची मोजदाद हे त्याचे विषय. त्यातील स्तुतीपेक्षा पुनरुक्ती महत्त्वाची. तीन वर्षे ओळीने गळक्या छपराचा शेरा असेल, तर छपराबरोबर खात्याचीही स्थिती कळते.

या तपासणीविषयीचे सर्वांत परखड मत महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात हंटर आयोगापुढे मांडले आहे. वर्षातून एकदा होणाऱ्या इन्स्पेक्टराच्या भेटीचा फारसा उपयोग नाही, शाळा निदान तीन महिन्यांनी तपासल्या जाव्यात आणि पूर्वसूचना न देताही भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले. शेरेबुक वाचणाऱ्याने हे वाक्य जवळ ठेवावे. बहुतेक शेरे हे आगाऊ ठरलेल्या दिवशी, सारवलेल्या शाळेत आणि नीटनेटक्या कपड्यांतील मुलांसमोर लिहिले गेले आहेत.

त्याच निवेदनात शिक्षकाच्या आर्थिक स्थितीचे जे वर्णन आहे, ते कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत, त्यांपैकी थोडेच प्रशिक्षित आहेत, त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो आणि त्यांचे ज्ञानही तुटपुंजे आहे, असे जोतीरावांनी नोंदविले. शिक्षक शक्य तो अशा समाजांतून यावेत, की ज्यांना नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, असे त्यांचे मत होते. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा किंवा वीस असावा आणि शिक्षकास गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवज नोंदणे, टपाल सांभाळणे किंवा स्टँप विकणे अशी कामे देऊन गावगाड्यात त्याचे वजन वाढवावे, अशीही सूचना त्यांनी केली. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्याबरोबर शेतीची मूलतत्त्वे, नीती व आरोग्य यांचे पाठ त्यांना हवे होते. शिक्षकावर एवढी कठोर टीका करणाऱ्या माणसानेच त्याचा पगार वाढविण्याची मागणी केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या गावच्या जुन्या कागदांत पोस्टाचा शिक्का आणि शाळेचा हिशेब एकाच अक्षरात सापडेल, तेथे या सूचनेतील शिक्षक प्रत्यक्षात वावरला असे समजावे.

नाव असलेली शिक्षिका

दहा रुपयांचा शिक्षक दप्तरात अनामिक राहिला. त्याच शतकात बिनपगारी काम करणारी एक शिक्षिका मात्र कागदावर नावानिशी आली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत, चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा निघाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारी मराठी शाळांचे सुपरिंटेंडेंट दादोबा पांडुरंग यांनी तिची तपासणी केली. १८५२ च्या फेब्रुवारीत मुलींची जाहीर परीक्षा झाली आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. शाळेच्या व्यवस्थापक मंडळीने सरकारकडे पाठविलेल्या अहवालात शिक्षिका सावित्रीबाई वेतन न घेता काम करीत असल्याचा उल्लेख आहे.

हा उल्लेख का झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. पगारपत्रकात नाव असते ते पगार घेणाऱ्याचे. सावित्रीबाईंचे नाव तेथे येण्याचे कारण नव्हते. म्हणून ते अहवालाच्या मजकुरात लिहावे लागले. रस्त्यात त्यांच्या वाट्यास आलेली शेण-चिखलाची फेक तर कोणत्याच शालेय नोंदीत नाही. ती स्मरणातून आणि चरित्रांतून आली आहे.

शिक्षकाचे मोजमाप करण्याचे आणखी एक साधन म्हणजे विद्यार्थ्याचे लेखन. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत प्रसिद्ध झाला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आहे. धर्मशास्त्राला प्रश्न विचारणारी ती मुलगी क्रमिक पुस्तकातील धडा पाठ म्हणून दाखवीत नव्हती. तपासनीसाने 'शुद्धलेखन बरे' असा शेरा मारला असता तर या वर्गात काय घडत होते ते कळले नसते. म्हणून जुन्या शाळेत मुलांच्या निबंधांच्या वह्या सापडल्या, तर त्या मुलांच्या म्हणून बाजूस सारू नयेत.

फैजपूरचे मुख्याध्यापक

पुन्हा बऱ्हाणपूरच्या दक्षिणेस यावे. रावेरच्या वाटेवर तापीच्या खोऱ्यातच असलेल्या फैजपूरच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत शतकाच्या अखेरीस कृष्णाजी केशव दामले नावाचे शिक्षक होते. मुंबईत किरकोळ पगाराच्या नोकऱ्या केल्यावर, प्लेगच्या दिवसांत मुंबई सोडून ते खानदेशात आले. आधी भडगावला आणि मग फैजपूरला. १९०४ मध्ये त्यांची बदली धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून झाली आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगनेच त्यांचा अंत झाला. खात्याच्या दृष्टीने एवढी हकीकत पुरेशी आहे: नेमणूक, बदली, मृत्यू. अशा हकीकतीचे शिक्षक त्या काळी शेकड्यांनी होते.

मराठी वाचक या शिक्षकास केशवसुत म्हणून ओळखतो. हजेरीपट भरणाऱ्या या माणसाला नोंदीची सवय अशी होती, की आपल्या अनेक कवितांखाली तो गाव आणि तारीख लिहीत असे. 'तुतारी'खाली मुंबई आणि २८ मार्च १८९३ ही नोंद आहे. शाळेच्या वहीत जे लिहिण्यास मनाई होती, त्याची दुसरी वही त्याने घरी ठेवली, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही. प्रत्येक शिक्षक कवी नसतो हे खरे. परंतु घरच्या जमाखर्चात, पंचांगाच्या कडेला, आप्तांना लिहिलेल्या कार्डांवर अशी दुसरी वही बऱ्याच शिक्षकांनी नकळत लिहिली असण्याचा संभव आहे. शाळेचा हजेरीपट आणि घरचा जमाखर्च एकाच वर्षाचे मिळाले, तर त्यांतील तारखा समोरासमोर ठेवून पाहाव्यात. घरी आजारपण असलेल्या आठवड्यात शाळेत काय लिहिले गेले, हे त्यावरून कळेल. जुन्या शिक्षकांच्या वंशजांकडे असे कागद मागताना या दोन्ही प्रकारच्या वह्यांची विचारणा करणे म्हणूनच आवश्यक आहे.

नोंदीचे वजन

शिक्षकाने घाईघाईने लिहिलेली एक ओळ पुढे किती काळ जगते, याचे उदाहरण साताऱ्यास आहे. तेथील सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हा शाळाप्रवेश. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. नाव लिहून घेणाऱ्या हातास त्या दिवशी त्यात काही विशेष वाटले असेल असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या आगेमागे तशीच नावे होती.

अलीकडे या रजिस्टरांकडे समाजाचे लक्ष वेगळ्या कारणाने वळले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आल्यानंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी महसुली कागदांबरोबर जुन्या शाळांची दप्तरेही उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची सर्वत्र शोधाशोध झाली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिक्षकाने जातीच्या रकान्यात काय लिहिले, संक्षेप कसा केला, आडनाव लिहिले की गाळले, यावर आज कुटुंबांचे दाखले अवलंबून आहेत. जन्मतारखेचेही तसेच. आईबापांस तारीख सांगता आली नाही म्हणजे शिक्षक अंदाजाने ती भरी. पुढील काळात 'एक जून' हा साऱ्या राज्याचा सामुदायिक वाढदिवस ठरला, तो याच सवयीने.

या शोधात कित्येक रजिस्टरे प्रथमच कपाटाबाहेर आली, ही समाधानाची बाब आहे. त्यांत एक धोकाही आहे. पाहिजे ती नोंद सापडली, तिचे छायाचित्र निघाले, की बाकीचे पान निरुपयोगी समजले जाते. दाखल-खारीज रजिस्टर कायम जपण्याची प्रथा आहे. हजेरीपट, शेरेबुक, फीचे हिशेब, परीक्षेची पत्रके यांना मात्र मुदत असते आणि मुदत सरली की ती नाश करावयाच्या यादीत जातात. शिक्षकाचे अक्षर सर्वांत जास्त आहे ते या दुसऱ्या प्रकारात. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेल्याने हे कागद न वाचताच जुनाट ठरविले जातात, ही आणखी एक अडचण.

शंभर वर्षांहून जुन्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी या बाबतीत थोडी दक्षता घेतल्यास पुष्कळ काम होण्यासारखे आहे. कागद नाशाच्या यादीत घालण्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या इतिहास विभागास किंवा पुराभिलेख कार्यालयास कळवावे. छायाचित्रे काढताना एक नोंद न काढता सबंध पान, त्याच्या समासासह काढावे. पानांचा क्रम बदलू नये. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत शाई खातो. पुठ्ठ्याच्या आतील बाजू व शेवटची कोरी पाने अवश्य पाहावीत. औषधाचा हिशेब, उसनवारीचे आकडे, बदलीच्या अर्जाचा कच्चा मसुदा असे काही असलेच, तर ते रकाने नसलेल्या पानावरच असावयाचे.